वेळेची चूक, जागेची चूक : घड्याळांची जुळणी आणि प्रतिमांची जोडणी

एकमेकांपासून दूर बसवलेल्या उपकरणांच्या नोंदी एकत्र करायच्या, तर दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. नोंद कोणत्या क्षणाची आहे आणि कोणत्या जागेची आहे? पहिल्यासाठी घड्याळे जुळवावी लागतात, दुसऱ्यासाठी प्रतिमा एकमेकींवर बिनचूक बसवाव्या लागतात. पहिले काम संगणक-जाळ्यांच्या अभ्यासक्रमात शिकवतात, दुसरे सुदूर संवेदनाच्या. प्रत्यक्षात दोन्ही कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. भूकंपाची लहर, उपग्रह किंवा प्रकाश असे काहीही जिथे वेगाने चालते, तिथे वेळेतली चूक जागेतली चूक होऊन बाहेर पडते. लातूर, नांदेड आणि हिंगोलीच्या परिसरात या विषयाची ठळक उदाहरणे मिळतात, आणि त्यांतले पहिले मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी आणि शेजारच्या उमरगा तालुक्याचा परिसर हादरला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळली. ५२ गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसे गाडली गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लोकांना लहान धक्के जाणवले होते, पण ते नेमके कुठून येत आहेत हे बारकाईने सांगू शकेल असे भूकंपमापकांचे दाट जाळे किल्लारीच्या आसपास नव्हते. जगाच्या भूकंपनोंदींत हा भूकंप २९ सप्टेंबरचा आहे, कारण त्या नोंदी जागतिक समन्वित वेळेत ठेवल्या जातात आणि ती वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. वेळ कोणत्या मापात लिहिली आहे हे न सांगितल्यास तारीखही बदलते, हा या विषयाचा पहिला धडा.

भूकंपाची जागा घड्याळावरून कशी सापडते, हे समजून घेणे सोपे आहे. जमिनीखालच्या नाभीतून दोन मुख्य लहरी निघतात. प्राथमिक लहर कठीण खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, दुय्यम लहर सुमारे साडेतीन किलोमीटर. विजेचा लखलखाट आधी दिसतो आणि गडगडाट मागून ऐकू येतो, तसे भूकंपलेखावर आधी पहिली लहर उमटते आणि मग दुसरी. दोन्हींमध्ये एक सेकंदाचे अंतर पडले, तर भूकंप सुमारे ८ किलोमीटरवर झाला. १० सेकंद पडले, तर सुमारे ८४ किलोमीटरवर. अशा तीन केंद्रांभोवती तीन वर्तुळे काढली, की ती जिथे छेदतात तिथे भूकंपाची जागा.

या पद्धतीत प्रत्येक केंद्र स्वतःच्याच घड्याळावर दोन लहरींमधले अंतर मोजते, त्यामुळे घड्याळे एकमेकांशी जुळलेली नसली तरी ढोबळ उत्तर मिळते. अडचण पुढे येते. दुय्यम लहर पहिल्या लहरीच्या शेपटात मिसळून येते आणि तिची सुरुवात ओळखणे अवघड असते. बारीक काम करायचे तर वेगवेगळ्या केंद्रांवर पहिली लहर नेमकी केव्हा पोहोचली, याचीच तुलना करावी लागते. तिथे सर्व घड्याळे एकच वेळ दाखवत असली पाहिजेत. एखादे घड्याळ एक सेकंद मागे असेल, तर त्या केंद्रापासूनचे अंतर ६ किलोमीटरने चुकते. किल्लारीचा भूकंप भूपृष्ठापासून काही किलोमीटरच खोल होता. ६ किलोमीटरच्या चुकीत त्याची खोली पूर्ण बुडून जाते. म्हणून भूकंपशास्त्राला सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत घड्याळे जुळलेली लागतात. तेवढ्यात लहर ६० मीटर चालते.

मोठ्या भूकंपानंतर शेकडो छोटे धक्के येत राहतात. किल्लारीनंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी त्या भागात तात्पुरती केंद्रे मांडून हे धक्के टिपले. असे धक्के काही मिनिटांच्या अंतराने येतात. एका केंद्रावरची कोणती थरथर दुसऱ्या केंद्रावरच्या कोणत्या थरथरीशी जुळते, हे सामाईक वेळेशिवाय ठरवता येत नाही. जुळणी चुकली, तर दोन वेगळ्या धक्क्यांचा मिळून एक खोटा धक्का नकाशावर उमटतो. पुढे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. सुमारे ३३८ मीटरवर काळ्या बेसाल्टचा थर संपतो आणि त्याखाली गाळाचा पातळ पट्टा ओलांडून फार प्राचीन खडक लागतो, हे त्यातून कळले. धक्क्यांच्या जागा आणि हा छेद एकत्र वाचले, की जमिनीखालचे चित्र आकार घेते.

सामाईक वेळ ही मुळात मान्यतेने ठरवलेली गोष्ट आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बांधलेली आहे आणि ती १९०६ पासून लागू आहे. लातूर साधारण ७६.६ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणून लातूरचा सूर्य प्रमाणवेळेच्या सरासरी २४ मिनिटे मागे आहे. २४ मिनिटे म्हणजे बरोबर एक घटका. पूर्वी लग्नाच्या मांडवात पाण्यावर तरंगत ठेवलेले तांब्याचे घटिकापात्र तळाच्या बारीक छिद्रातून पाणी घेत जेवढ्या वेळात बुडे, तेवढा हा फरक. नांदेड थोडे पूर्वेला असल्याने तिथे हाच फरक २१ मिनिटांच्या आसपास येतो. प्रत्येक गाव आपल्या सूर्यावर चालत होते तोवर यात अडचण नव्हती. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली. एकेरी रुळावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांना दोन स्टेशनांची वेगळी घड्याळे चालत नाहीत. तरीही जुन्या सवयी चटकन सुटल्या नाहीत. मुंबई शहराने प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत जपली.

वेळ मान्य झाली तरी घड्याळ ती पाळेलच असे नाही. संगणकात आणि मनगटी घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो. दहा लाखात वीस भागांची चूक अशा स्फटिकात साधारण मानली जाते. त्या हिशोबाने दिवसाला पावणेदोन सेकंदांचा फरक पडतो. उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याच्या खोलीतले यंत्र आणि थंड खोलीतले यंत्र वेगवेगळ्या चालीने चालतात, कारण स्फटिकाची गती तापमानावर बदलते. न जुळवलेले भूकंपमापक एका दिवसात सुमारे १० किलोमीटरची चूक गोळा करते, असा याचा अर्थ. म्हणून घड्याळ एकदा लावून भागत नाही, ते पुन्हा पुन्हा लावावे लागते. घराघरांत आकाशवाणीच्या ठोक्यांवर घड्याळ लावत, तेच काम वेधशाळा रेडिओवरून येणाऱ्या वेळेच्या संकेतांवर करत. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर सांभाळते.

आज भूकंपकेंद्रांना वेळ उपग्रहांकडून मिळते. जीपीएसचा प्रत्येक उपग्रह अणुघड्याळ बाळगतो आणि सतत आपली वेळ व जागा सांगत असतो. संकेत निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतून उपग्रहाचे अंतर कळते. जागेसाठी तीन उपग्रह पुरावेत, पण चौथा लागतो, कारण ग्राहक यंत्राच्या स्वस्त घड्याळाची चूक हीदेखील शोधायची राशी असते. चार समीकरणांतून जागेचे तीन आकडे आणि वेळेचा एक आकडा एकदमच बाहेर येतात. उपग्रहावरचे घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते, हे सापेक्षतावादाचे भाकीत आहे. ते हिशोबात धरले नाही, तर एका दिवसात अंतरात ११ किलोमीटरची चूक साचेल. भारताच्या ‘नाविक’ या दिशादर्शन उपग्रहांच्या यंत्रणेतल्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळे निकामी झाली, तेव्हा दिशादर्शनाच्या कामासाठी तो निरुपयोगी ठरला आणि एप्रिल २०१८ मध्ये त्याच्या जागी दुसरा पाठवावा लागला. पुढे २९ मे २०२३ रोजी उडालेल्या याच यंत्रणेतल्या एनव्हीएस-०१ वर देशात बनवलेले रुबिडियम घड्याळ बसवले गेले.

प्रत्येक संगणकाला उपग्रहाचा अँटेना जोडणे शक्य नसते. तिथे वेळ जाळ्यातूनच मागवावी लागते. खरी अडचण अशी, की वेळ सांगणारा निरोप वाटेत किती रेंगाळला हे ठाऊक नसते. १९८५ मध्ये डेव्हिड मिल्स यांनी मांडलेला नेटवर्क टाइम प्रोटोकॉल ही अडचण चार नोंदींनी सोडवतो. लातूरचा एक संगणक पुण्याच्या वेळ-सेवकाला विचारतो, असे समजू. लातूरच्या घड्याळात बरोबर १० वाजले असताना प्रश्न निघाला. पुण्याच्या घड्याळाप्रमाणे तो दहा वाजून १४५ मिलिसेकंदांनी पोहोचला आणि १४७ व्या मिलिसेकंदाला उत्तर निघाले. लातूरच्या घड्याळात उत्तर ४२ व्या मिलिसेकंदाला आले. लातूरच्या हिशोबाने एकूण ४२ मिलिसेकंद गेले. त्यांतले २ पुण्यात गेले, म्हणून प्रवासाचे ४० उरले. जाणे आणि येणे सारखे मानले, तर प्रत्येकी २०. प्रश्न पोहोचला तेव्हा पुण्यात १४५ होते, म्हणजे तो निघाला तेव्हा पुण्यात १२५ असणार. लातूरचे घड्याळ १२५ मिलिसेकंद मागे आहे.

या हिशोबाची सगळी भिस्त जाण्या-येण्याला सारखा वेळ लागतो या गृहीतावर आहे. खरा फरक १२५ असताना जायला ३० आणि यायला १० मिलिसेकंद लागले, तरी बेरीज ४० च येते, पण हिशोबात फरक १३५ निघतो. १० मिलिसेकंदांची ही चूक आकड्यांत कुठेच दिसत नाही. म्हणून संगणक अनेक सेवकांना विचारतो, पुन्हा पुन्हा विचारतो, आणि ज्या फेरीत प्रवासाला सर्वांत कमी वेळ लागला तिच्यावर जास्त विश्वास ठेवतो, कारण कमी वेळाच्या प्रवासात असमानतेला जागा कमी असते. सेवकांची उतरंडही असते. अणुघड्याळ किंवा उपग्रह सर्वांत वर, त्याला थेट जोडलेले संगणक पहिल्या पायरीवर, त्यांना विचारणारे दुसऱ्या पायरीवर. घड्याळ थोडे पुढे गेलेले आढळले, तर ते झटक्यात मागे नेत नाहीत, थोडा वेळ सावकाश चालवतात. वेळ मागे गेली, तर नंतरची नोंद आधीची ठरते आणि क्रम बिघडतो. मायक्रोसेकंदाची अचूकता हवी असेल, तर २००२ मध्ये प्रमाणित झालेली प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल ही पद्धत वापरतात. तीत निरोप आल्या-गेल्याची वेळ जाळ्याचे हार्डवेअरच नोंदवते.

भूकंपकेंद्रांच्या कामातला एक नियम इथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. वेळेचा शिक्का नोंद जिथे जन्मते तिथेच मारायचा. मुख्य केंद्रात नोंद केव्हा पोहोचली याला महत्त्व नाही, कारण वाटेतला उशीर दर वेळी वेगळा असतो. काही कामांना मात्र नेमकी वेळ लागतच नाही, क्रम पुरतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवले, की निरोप पाठवणे हे तो मिळण्याच्या आधी घडलेच पाहिजे, एवढ्या एका नियमावरून साधे मोजणीचे आकडे वापरून संगणक-जाळ्यातल्या घटनांना सुसंगत क्रम लावता येतो. बँकेच्या खात्यात आधी जमा की आधी खर्च, हा क्रमाचा प्रश्न आहे. भूकंप कुठे झाला, हा वेळेचा आहे.

आता प्रतिमांकडे. २८ डिसेंबर १९९५ रोजी उडालेल्या आयआरएस-१सी या भारतीय उपग्रहावरचे दोन कॅमेरे वेगवेगळ्या गुणांचे होते. पॅन कॅमेरा काळ्या-पांढऱ्या रंगात ५.८ मीटरपर्यंतचे तपशील टिपत असे. त्या काळी नागरी उपग्रहांत याहून बारीक नजर दुसरी नव्हती. लिस-३ हा कॅमेरा हिरवा, लाल आणि अवरक्त असे पट्टे वेगवेगळे टिपे, पण त्याचा एक पिक्सेल २३.५ मीटरचा होता. लिसच्या एका चौकोनात पॅनचे सुमारे १६ चौकोन मावतात. पहिल्याला आकार कळतो, दुसऱ्याला रंग. शेताचा बांध पॅनमध्ये दिसतो, त्या शेतात ऊस आहे की ज्वारी याचा अंदाज लिसमधून येतो. दोन्ही एकत्र केले, की बांधासकट पीक दिसते.

जोडणीची पहिली पायरी म्हणजे दोन्ही प्रतिमा एकाच जमिनीवर बसवणे. त्यासाठी दोन्हींत ओळखू येणाऱ्या पक्क्या खुणा निवडतात. किल्लारी परिसराच्या प्रतिमेत तेरणा नदीवरच्या माकणी धरणाच्या भिंतीचे टोक, पूल, रस्त्यांचा चौक या चांगल्या खुणा. नदीचा काठ वाईट खूण, कारण तो पावसाळ्यागणिक सरकतो. धरणातल्या पाण्याची कड त्याहून वाईट. खुणा जुळल्या, की खडबडीत प्रतिमेचे चौकोन बारीक जाळीवर पुन्हा मांडतात. या टप्प्यावर अर्ध्या पिक्सेलची चूकही रस्त्याच्या कडेला शेताचा रंग सांडवते. मग जोडणी होते. प्रचलित पद्धतीत रंगीत प्रतिमेतून उजळपणा वेगळा काढतात, त्या जागी पॅनची बारीक प्रतिमा ठेवतात आणि मूळ रंग तिच्यावर परत चढवतात.

दिसायला प्रतिमा देखणी होते, आणि नेमकी इथेच सावधगिरी हवी. पॅन कॅमेरा दृश्य प्रकाशातच पाहत असे. हिरवी पाने सर्वांत जास्त परावर्तित करतात तो अवरक्त पट्टा त्याच्या कक्षेबाहेर होता. पॅनचा उजळपणा अवरक्त पट्ट्याला उसना दिला, की हिरवाईचे आकडे बिघडतात. म्हणून जोडलेली प्रतिमा नकाशा वाचायला वापरावी, पिकाच्या वाढीचे गणित मात्र मूळ आकड्यांवर करावे. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रासारख्या संस्थांत काम करणाऱ्यांना हा विवेक रोज लागतो.

इथे वेळेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. असा उपग्रह जमिनीच्या मानाने सेकंदाला साडेसहा किलोमीटरहून अधिक वेगाने सरकतो. त्याचे घड्याळ एका मिलिसेकंदाने चुकले, तरी प्रतिमा साडेसहा मीटर सरकते. ५.८ मीटरच्या पिक्सेलच्या हिशोबाने ही एका चौकोनाहून मोठी चूक झाली. वेळेचे मोठे मापही तितकेच महत्त्वाचे. मराठवाड्याची काळी जमीन मे महिन्यात उघडी असते आणि ऑगस्टमध्ये सोयाबीन-तुरीने झाकलेली. मेमधली बारीक प्रतिमा आणि ऑगस्टमधले रंग जोडले, तर जागा बिनचूक जुळेल आणि अर्थ चुकेल. खरिपात तर ढगांमुळे महिनोन्महिने स्वच्छ प्रतिमा मिळत नाही. त्या दिवसांत ढगांच्या आरपार पाहणारे रडार कामी येते. २६ एप्रिल २०१२ रोजी उडालेला रिसॅट-१ आणि ३० जुलै २०२५ रोजी उडालेला निसार हे असे उपग्रह. रडारला पानांचा रंग कळत नाही, पण जमिनीचा ओलावा आणि पिकाची दाटी जाणवते. पावसाळ्यातले रडार आणि उघडिपीतली रंगीत प्रतिमा यांची जोड त्यामुळे उपयोगी पडते.

जोडणी प्रतिमांपुरती थांबत नाही. लातूरला पाणी पुरवणाऱ्या मांजरा धरणाचे उदाहरण घेता येईल. उपग्रहाला पाण्याचा पसारा दिसतो, धरणावरच्या मापकाला पातळी कळते. दोन्ही एकाच दिवसाचे असतील तरच साठ्याचे गणित खरे येते. हे धरण कोरडे पडल्याने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेत ५ लाख लिटर आले. अशा वर्षी दोन नोंदींतला काही आठवड्यांचा फरकही पिण्याच्या पाण्याच्या नियोजनात मोठा ठरतो.

काही यंत्रांत तर घड्याळांच्या जुळणीतूनच प्रतिमा जन्माला येते. नारायणगावजवळ खोडद इथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. आकाशातून येणारी एकच लहर वेगवेगळ्या तबकड्यांवर काही मायक्रोसेकंदांच्या फरकाने पोहोचते. हा फरक भरून काढून तबकड्यांच्या ४३५ जोड्यांचे संकेत एकमेकांशी ताडले, की २५ किलोमीटर रुंद दुर्बिणीने पाहावे तसे बारीक चित्र तयार होते.

नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचे ठरले आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या काटकोनातल्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या असतील. या वेधशाळेचे प्रयोजन समजायला किल्लारीची वर्तुळेच आठवावीत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर अमेरिकेतल्या दोन यंत्रांवर सुमारे ७ मिलिसेकंदांच्या फरकाने पोहोचली. दोनच यंत्रांमुळे ती आकाशात कुठून आली हे ढोबळच सांगता आले. १४ ऑगस्ट २०१७ च्या लहरीच्या वेळी युरोपातले तिसरे यंत्र सामील झाले आणि शोधाचे क्षेत्र हजाराहून अधिक चौरस अंशांवरून सुमारे ६० वर आले. मराठवाड्यातले यंत्र बाकीच्यांपासून फार दूर असल्याने पोहोचण्याच्या वेळांतला फरक वाढेल आणि दिशा आणखी नेमकी होईल. भूकंपात जमिनीतली लहर, इथे अवकाशातली. हिशोब तोच.

याच हिंगोली परिसरात २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. आता अशा धक्क्याची वेळ, जागा आणि खोली राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र थोड्याच वेळात जाहीर करते. किल्लारीचा भागही २००२ च्या नकाशात पहिल्या पट्ट्यातून तिसऱ्या पट्ट्यात आला आणि घरबांधणीच्या नियमांना त्याची दखल घेणे भाग पडले.

वेळ आणि जागा पूर्ण अचूक कधीच कळत नाहीत. कामापुरती अचूकता साधायची असते. रेल्वेला मिनिट पुरते, भूकंपशास्त्राला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो, उपग्रहाच्या कॅमेऱ्याला मिलिसेकंदाहून कमी आणि रेडिओ दुर्बिणीला त्याहून कितीतरी बारीक माप. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: वेळ कोणत्या मापातली आहे, ती कोणत्या घड्याळावरून घेतली, जागा कशी ठरवली आणि दोन्हींतली चूक जास्तीत जास्त किती असू शकते. या चार गोष्टी असतील, तर दूरच्या दोन उपकरणांची नोंद वर्षांनंतरही, दुसऱ्याच माणसाला एकत्र करता येते. त्या नसतील, तर उत्तम यंत्राने घेतलेली नोंदही एकटीच राहते.